टॉमकॅट आणि ॲप्लिकेशन सर्व्हर: देवडी आणि वाडा

नागपूरच्या महालातल्या जुन्या वाड्यात पाहुणा आधी देवडीवर येतो, मग आत जातो. जावावरच्या मोठ्या संकेतस्थळांची रचनाही अशीच असते. वेब कंटेनर ब्राउझरची विनंती घेतो. व्यवहार आणि संदेशांच्या रांगा ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळतो.

टॉमकॅट हा मुक्तस्रोत कंटेनर सन कंपनीने १९९९ मध्ये अपाचीला दिला. पुढे जेबॉस, जेरोनिमो या सर्व्हरांनी तो आपल्यातच बसवला.

पुढच्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी टॉमकॅटचं ८००९ क्रमांकाचं एजेपी पोर्ट असतं. ते आधीपासूनच उघडं असे. २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ त्रुटी समोर आली: या मागच्या दारातून परक्यालाही आतल्या फाइल्स वाचता येत होत्या. ९.०.३१ आवृत्तीपासून ते बंदच येतं. गरज असेल तरच, तेही पासवर्ड लावून, अंतर्गत नेटवर्कपुरतं उघडावं.