जखमेवरील झाडपाला

जखमेवरील झाडपाला : कापणे, खरचटणे, भाजणे यांवर घरगुती उपाय म्हणून लावली जाणारी वनस्पतिजन्य व तत्सम द्रव्ये. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी (ता. भुदरगड) हे वेदगंगेकाठचे गाव भात व उसाच्या पट्ट्यात येते. तेथे शेतात विळा-कोयता लागला की हाताशी येणारे उपाय तीन : दगडीपाला, हळद आणि मध. तिन्हींमागचा पुरावा सारखा नाही.

दगडीपाला : (एकदांडी, कंबरमोडी, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स). बांधावर, रस्त्याकडेला उगवणारे तण. पाला चुरगळून त्याचा रस रक्त थांबवण्यासाठी पिळतात. वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. त्यामुळे हा वापर समजला जातो तितका प्राचीन नाही. जखम भरण्यावरील तिच्या परिणामाचे भारतात 1980 च्या दशकापासून उंदरांवर प्रयोग झाले व काही अनुकूल निष्कर्ष मिळाले. माणसांवरील भक्कम चाचण्यांची जोड त्यांना नाही. शिवाय रक्त थांबणे म्हणजे जखम भरणे नव्हे.

हळद : जखमेवर हळद लावण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. वापर जुना, म्हणून पेटंट नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. हळदीची परिणामकारकता त्याने सिद्ध झाली नाही. हळदीतील कर्क्युमिन या घटकाचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसले असले, तरी स्वयंपाकघरातील पूड निर्जंतुक नसते. खुल्या बाजारातील पुडीत रंगासाठी शिसेयुक्त भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत.

मध : सुश्रुतसंहितेतील व्रणोपचारांत मधाला स्थान आहे. गारगोटीच्याच भुदरगड तालुक्यातील पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. दाट साखर, आम्लता व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे मधात जंतूंची वाढ रोखली जाते. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात 104 भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत (प्रसिद्धी 1991) मधाच्या पट्ट्या सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजण्यावरील नेहमीच्या मलमापेक्षा सरस ठरल्या. 2015 च्या कॉक्रेन समीक्षेनुसार (वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा) त्वचेची पूर्ण जाडी जळालेली नसेल अशा भाजण्यावर मध नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा काही दिवस लवकर गुण देतो. इतर बऱ्याच जखमांबाबत पुरावा अपुरा आहे. रुग्णालयीन मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. पोळ्यातून काढलेल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या रोगकारक जंतूचे बीजाणू असू शकतात.

धोके : मुख्य धोका बहुधा पाल्यातील रसायनाचा नसून त्याला चिकटलेल्या मातीचा व वाया गेलेल्या वेळेचा असतो. धनुर्वाताचे बीजाणू माती व शेणात असतात. म्हणून जखमेवर माती, शेण वा राख लावणे घातक. मात्र काही वनस्पतिद्रव्ये स्वतःही अपायकारक असतात : बिब्ब्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, रुईचा चीक डोळ्यात गेल्यास इजा करतो. कुत्रे चावल्यास चुना, तिखट किंवा हळद भरू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

योग्य वापर : किरकोळ खरचटणे स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या, स्वच्छ पट्टीने झाकणे पुरेसे असते. खोल, मातकट वा गंजक्या हत्याराची जखम, न थांबणारा रक्तस्राव, पू, ताप, तसेच मधुमेही व्यक्तीच्या पायाची कोणतीही जखम असल्यास दवाखाना गाठावा. मातकट जखमेत शेवटची धनुर्वात-प्रतिबंधक लस 5 वर्षांहून जुनी असेल, तर ती पुन्हा घ्यावी लागते. कोणताही पाला या लसीची जागा घेत नाही.