पंचहौदचा पेला

उत्सवाच्या दिवसांत एखाद्या देवालयाच्या अग्रशाळेत मुक्काम करण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना हे सांगणे नलगे की पहाटे तेथील चुलीवर पहिले चढते ते चहाचे भांडे. रात्रभर नाटक पाहून जागलेली मंडळी, काकडआरतीसाठी उठलेले पुजारी, परगावाहून आलेले कुळावी, सारे त्या भांड्याभोवती गोळा होतात. एकादशीला अन्नाला न शिवणारी वृद्ध माणसेही चहाचा पेला नाकारीत नाहीत. कोणत्या शास्त्राने ही सवलत दिली, असे त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही, व विचारू नये हेच बरे. ज्या रूढीला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, ती रूढी पूर्ण प्रस्थापित झाली असे आम्ही वकील मंडळी समजतो. परंतु याच पेयाच्या एका पेल्यापायी एके काळी पुण्यातील नामांकित माणसांवर बहिष्कार पडला होता. त्या प्रकरणाची आठवण आज करावीशी वाटते.

प्रथम चहाच्या कुळाविषयी थोडेसे. आपला ‘चहा’, कोंकणीतला ‘च्या’ आणि पोर्तुगीजांचा ‘शा’ ही सारी एकाच चिनी शब्दाची नातवंडे होत. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची राणी झाली. तिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रजांकडे गेले, आणि तिच्या आवडीमुळे इंग्रज दरबारात चहाला प्रतिष्ठा आली. आपल्या किनाऱ्यावर सुरतेस १६८९ साली येऊन राहिलेला पाद्री ओव्हिंग्टन याने तेथील वाणी लोक पाण्यात मसाला घालून चहा उकळतात व डोकेदुखी, पोटशूळ यांवर तो घेतात, असे नमूद केले आहे. म्हणजे मसाल्याचा चहा ही काही कालपरवाची टूम नव्हे. मात्र तेव्हा तो औषध होता. काढा आणि चहा यांत फारसे अंतर नव्हते.

आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ च्या जानेवारीत. पुढे मळे वाढले, पण माल जाई तो विलायतेस. या देशातील सर्वसामान्य माणसाला चहाची ओळख नव्हती. शहरांत साहेबाच्या सहवासात आलेल्या शिकलेल्या मंडळींच्या घरी तो हळूहळू शिरू लागला होता, इतकेच. अशा काळात, १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी तेथे जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले ही नावे त्यांत होती. सभेनंतर चहा व बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, तर काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला.

सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. येथे कायद्याच्या अभ्यासकाला रस वाटेल असा भाग सुरू होतो. सरकारी न्यायालयात ही तक्रार चालण्यासारखी नव्हती. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनातील एकविसाव्या कलमाने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये असे ठरवून टाकले होते. १८५० च्या एकविसाव्या अॅक्टाने जातिबहिष्कृताची मालमत्ता व वारसाहक्क मात्र सुरक्षित केले होते. तेव्हा बहिष्कृताची शेती व वाडा कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. त्याचा भिक्षुक, त्याचा सोयरा व त्याची पंगत मात्र हिरावून घेता येत होती, आणि या नुकसानीची दाद कोणत्याच कचेरीत नव्हती. ज्याच्या घरी मुंज वा लग्न ठरलेले असेल आणि मंत्र म्हणावयास कोणी येत नसेल, त्यालाच या शिक्षेचे वजन कळे.

शंकराचार्यांनी चौकशीसाठी दोघा शास्त्र्यांचे मंडळ नेमले. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी ग्रंथांचे आधार काढून प्रकरण एखाद्या दाव्यासारखे लढविले, आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे असे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली पुण्यात प्रायश्चित्त घेतले. मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनी ते केले, तथापि सुधारक पक्षाने त्यांस त्याबद्दल फार बोल लावला. कोणी कोणता मार्ग धरला याचा निवाडा आज करण्यात हशील नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्या स्मृतिग्रंथांची पाने उलटली गेली, त्यांत चहाचे नाव कोठेही असणे शक्य नव्हते. दोष पेयाचा नव्हताच. तो पेला पुढे करणाऱ्या हाताचा मानला गेला होता.

पेय निर्दोष ठरल्यावर ते आपलेसे होण्यास वेळ लागला नाही. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार करण्याची व्यवस्था सरकारने केली. १९३० नंतर तर प्रचारक गावोगाव चहा करून दाखवू लागले. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून बारीक दाणे करणारे यंत्र निघाले. त्या भुकटीला रंग व कडकपणा अधिक आणि चिमूटभरात पेले पुष्कळ, त्यामुळे गरिबालाही चहा परवडू लागला. प्रचारकांची शिकवण अशी की, आधणाचे पाणी पानांवर ओतावे व झाकून ठेवावे. आपल्या लोकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि घरी जाऊन पाणी, दूध, साखर वा गूळ, आले व वेलची सारे एकत्र उकळले! काढा करण्याची जुनी सवय परक्या पाहुण्यावर अशी मात करून गेली. पितळी पातेल्यात कढवून फडक्यातून गाळलेल्या चहाला पुण्याच्या दुकानदारांनी ‘अमृततुल्य’ म्हटले, यात त्या विजयाचा उल्लास आहे.

चहा कढतच हवा, हा आपला आग्रहही त्याच घडणीतला. कढत चहा पेल्यातून पिता येत नाही म्हणून तो बशीत ओतावा, फुंकर घालावी व भुरके घ्यावेत, ही रीत विलायती शिष्टाचारात बसत नाही, आणि आपण तिची लाजही बाळगली नाही. माझी आजी चिनी मातीच्या कपाला सोवळ्यात स्थान देत नसे. तिचा चहा पितळेच्या वाटीत, पदराच्या टोकाने धरून, देवपूजेनंतर. धातू घासून शुद्ध होतो, माती होत नाही, हा तिचा युक्तिवाद. ती गेली, वाटी अजून फडताळात आहे, आणि घरातले आम्ही सारे बिनदिक्कत कपातून पितो.

येथवरची कथा आनंदाची आहे. पण पेल्याचा खटला १८९२ साली संपला असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पंचहौदच्या आरोपींना निदान प्रायश्चित्ताचा दरवाजा उघडा होता. ज्यांचा जन्म हाच दोष मानला गेला त्यांना कोणते प्रायश्चित्त होते? गावोगावच्या चहाच्या दुकानांत त्यांच्यासाठी कप निराळे ठेवलेले असत, तेही बहुधा दाराबाहेर. चहा पिऊन झाल्यावर ते त्यांनीच विसळावयाचे. एकाच पातेल्यातला चहा, आणि कप मात्र दोन जातींचे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली, तरी १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात सार्वजनिक उपाहारगृहांतील व धर्मशाळांतील भांडी वापरू न देणे हा गुन्हा होय, असे वेगळे कलम घालावे लागले. संसदेला कपबशीसाठी कलम लिहावे लागावे, यातच सारे आले. पुढे २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. १८२७ च्या रेग्युलेशनाने जी दारे बंद ठेविली होती, त्यांपैकी एक असे फार उशिरा उघडले.

हिंदू कायद्यात सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहूनही बलवान ठरते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या दाव्यात म्हटले होते. चहाने त्या तत्त्वाचा पडताळा आपल्या डोळ्यांदेखत दिला. एका पिढीचे पातक दुसऱ्या पिढीच्या उपवासाला चालू लागले. मग जी रूढी माणसाने बदलली, ती आणखी बदलणेही त्याच्याच हाती आहे. पुढल्या जत्रेत अग्रशाळेच्या चुलीपाशी उभे राहाल, तेव्हा कढत पेला हाती घेण्यापूर्वी क्षणभर एवढेच पाहावे की, पालखीचा मार्ग झाडणाऱ्याला आणि ढोल वाजवणाऱ्याला चहा मिळाला काय, आणि मिळाला तो त्याच रांगेतल्या पेल्यातून काय. उत्तर होकारार्थी असेल, तर पंचहौदचे प्रकरण निकाली निघाले असे खुशाल समजावे.