पोटात लाकूड घेतलेले वाफे

बागा करून देणं हा माझा व्यवसाय. जमिनीत लाकडं पुरून त्यावर मातीचा उंच वाफा रचण्याची जर्मन पद्धत आता पुण्याकडचे पुष्कळ लोक मागतात. ‘ह्यूगेलकुल्टूर करून द्या’ असं सांगताना ‘ती म्हणे युरोपातली शेकडो वर्षांची परंपरा आहे’ हेही बहुतेक जण जोडतात. हे जोडपत्र मला खटकतं. लेखी पुराव्याचा माग काढत गेलं की शेकडो वर्षं हाती लागत नाहीत, लागतं ते १९६२ साल.

त्या वर्षी हेर्मान आंड्रे या जर्मन बागवानाची एक पुस्तिका निघाली. त्याच्या आजीच्या बागेत एका कोपऱ्यात काटक्याकुटक्यांचा ढीग पडून होता आणि त्यावर नाना तऱ्हेची झाडं माजली होती. सपाट वाफ्यांत जे होत नव्हतं ते त्या दुर्लक्षित ढिगावर होत होतं. आंड्रेनं त्यावरून उंचवट्यावरच्या बागेची कल्पना मांडली. रुडॉल्फ श्टायनरच्या विचारांचाही त्याच्यावर प्रभाव होता. श्टायनरनं जून १९२४ मध्ये कोबरविट्झला शेतीवर आठ व्याख्यानं दिली होती (हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे). उंच रचलेल्या मातीबद्दलचं त्याचं म्हणणं त्यांत आलेलं आहे. पुढे हान्स बेबा हा दुसरा बागवान आंड्रेला येऊन मिळाला आणि या पद्धतीवरच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

त्यांची कृती मला फार आवडते, कारण बागेतलं काहीच ती वाया घालवत नाही. दीडेक मीटर रुंदीचा पट्टा दक्षिणोत्तर आखायचा, म्हणजे दोन्ही उतारांना ऊन मिळतं. वीतभर माती उकरायची, तळाला मुळं कुरतडणाऱ्या उंदरांसाठी जाळी टाकायची. मधोमध ओंडके आणि फांद्या. त्यावर गवताची ढेकळं उलटी, मुळं वर करून. मग ओला पालापाचोळा, अर्धवट कुजलेलं खत आणि शेवटी चांगली माती. कुजताना वाफा आतून गरम राहतो, आणि थंडी रेंगाळणाऱ्या मुलखात वसंतात ही ऊब मोलाची. पहिल्या वर्षी भोपळा, कोबी, टोमॅटो अशी खादाड पिकं घ्यायची. पालक आणि लेट्यूस मागाहून, कारण सुरुवातीला सुटणारं नायट्रेट त्यांच्या पानांत साठतं. पाच-सहा वर्षांत वाफा बसतो, की पुन्हा रचायचा.

घरच्या बागेतला हा वाफा डोंगरावर नेला तो ऑस्ट्रियाच्या सेप होल्त्सरनं. त्यानंही १९६२ मध्येच आईवडिलांचं क्रामेटरहोफ हे शेत हाती घेतलं, विशीही न ओलांडलेल्या वयात. साल्झबुर्ग प्रांतातला लुंगाऊ भाग कडाक्याच्या थंडीसाठी ओळखला जातो, आणि हे शेत आहे ११०० ते १५०० मीटर उंचीवर. होल्त्सरचे वाफे उंच, उभ्या उताराचे, पोटात अख्खी खोडं घेतलेले. आज जगभर जी छायाचित्रं फिरतात ती बहुतेक याच धाटणीच्या वाफ्यांची.

मी मावळातली. आमच्याकडे झाडाच्या फांद्या शेतात यायच्या त्या जाळण्यासाठी. आजोबा ऐनाचे टहाळ तोडायचे, भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, गवत असे थर लावायचे, वर माती पसरायचे आणि पावसाआधी राब भाजायचे. तणाचं बी मरायचं, राख रोपांना लगेच लागू पडायची. या राबावरून इंग्रज सरकारच्या जंगल खात्याचं आणि ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचं एवढं वाजलं, की १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या फॉरेस्ट कमिशनला त्यात लक्ष घालावं लागलं. तो राब खरोखर परंपरा होता: पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि त्या जमिनीला, त्या पावसाला बेतलेला. आंड्रेचा वाफा एका माणसाच्या निरीक्षणातून निघाला. त्यानं त्याची किंमत कमी होत नाही. उलट आपल्याला तो हवा तसा बदलण्याची मोकळीक मिळते, आणि बदलावा तर लागतोच.

मुळशीकडे चार पावसाळे झालेला एक वाफा मी हळद काढताना मधून उघडला. गुलमोहराचा ओंडका अंगठ्यानं दाबला तर पाणी सुटलं. सालीखाली पांढऱ्या बुरशीचं जाळं होतं आणि हळदीची मुळं थेट लाकडात शिरली होती. एका टोकाला वाळवीनं मातीच्या नळ्या बांधल्या होत्या. म्हणून घराच्या भिंतीलगत मी हा वाफा कधीच घालत नाही, गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी. होल्त्सरसारखा उभा उतार आमच्या आषाढात टिकत नाही, माती धुऊन जाते. उंची गुडघ्याच्या वर नेत नाही आणि माथ्यावर पन्हळीसारखा खोलगट भाग ठेवते, म्हणजे उन्हाळ्यात घातलेलं पाणी बाजूनं ओघळून जात नाही. ताजं लाकूड कुजताना भोवतालचा नत्र ओढून घेतं, तेव्हा ओंडक्यांवर गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि शेणकाला भरपूर घालते. शेवगा, पांगारा ही मऊ लाकडं लवकर खचतात, ती वरच्या थरात. तळाला बाभूळ.