मुखपट्टी धुतली, मग काय उरले?

श्रोतेहो, कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. भल्या पहाटेपासून डबे हातात घेतलेली माणसे फलाटावर उभी असतात. २०२० ते २०२२ या काळात या माणसांच्या तोंडावर एक नवी वस्तू दिसू लागली. तिला आपण मास्क म्हणू लागलो. तिचे मराठी नाव मुखपट्टी. त्यातही निळी, तीन पदरी, कानांत अडकवायची मुखपट्टी सगळीकडे दिसे. ती एकदाच वापरून टाकायची होती.

पण खरे सांगायचे तर ती एकदाच कोणी वापरली? सकाळी घातली, दुपारी हनुवटीखाली ओढली, संध्याकाळी खिशात कोंबली, रात्री साबणाने चोळून दोरीवर वाळत घातली आणि सकाळी पुन्हा तोंडावर चढवली, असे घरोघर चालले होते. हे बरोबर होते की चूक? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आधी घरचा हिशेब पाहू. मार्च २०२० मध्ये मास्कची इतकी टंचाई झाली की केंद्र सरकारने त्यांना जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले आणि तीन पदरी मास्कची कमाल किंमत दहा रुपये ठरवली. घरातली चार माणसे रोज बाहेर पडणारी असली, तर दिवसाला चाळीस रुपये झाले आणि महिन्याला बाराशे. त्याच महिन्यात टाळेबंदी आली, लोकल गाड्या बंद झाल्या. १५ जून २०२० पासून गाड्या पुन्हा निघाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. ज्याची मजुरीच थांबली, त्याने बाराशे रुपये आणावेत कोठून? पुढे ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने तीन पदरी मास्क चार रुपयांवर आणि एन-९५ मास्क १९ ते ४९ रुपयांवर बांधून दिला. पण तोपर्यंत धुऊन वापरण्याची सवय अंगवळणी पडली होती. तेव्हा लोक अडाणी होते म्हणून धूत होते, असे कोणी म्हणू नये. ते काटकसर करीत होते, आणि त्या काटकसरीला इतिहासाचा आधार होता.

तो इतिहास असा. आपला हा लोहमार्ग १८५६ पासूनचा आहे, आणि त्याने एकाहून अधिक साथी पाहिल्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले, आणि रेल्वेच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. पण त्या तपासणीत मुखपट्टीला स्थान नव्हते. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले. पिसवांपुढे तोंडावरची पट्टी काय करणार?

त्याच सुमारास, १८९७ साली, ब्रेस्लाउ या तेव्हाच्या जर्मन शहरात मुखपट्टीचा जन्म होत होता. बोलताना, खोकताना तोंडातून जे सूक्ष्म तुषार उडतात त्यांतून जंतू पसरतात, असे कार्ल फ्लुग्गे यांनी दाखवले. ते पाहून मिकुलिझ या शस्त्रवैद्याने शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार सुती कापड बांधायला सुरुवात केली.

मग आली १९१० ची मांचुरियातली साथ. हा प्लेग गाठीचा नव्हता, फुफ्फुसाचा होता, आणि तो श्वासातून पसरत होता. सुमारे साठ हजार माणसे गेली. तेथे वू लिएन-ते या तरुण डॉक्टराने सुती जाळीच्या घड्यांमध्ये कापसाची गादी घालून मुखपट्टी तयार करविली आणि ती बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने ते मानले नाही. मुखपट्टी न बांधता तो रुग्ण तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत प्लेगने मरण पावला. त्यानंतर लोक मुखपट्टी बांधू लागले.

१९१८ चा इन्फ्लुएंझा आपल्याकडे मुंबईच्या मार्गानेच आला. सहा ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले असा अंदाज आहे. तिकडे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने मुखपट्टी सक्तीची केली. पण लोकांनी विरळ जाळीच्या पट्ट्या बांधल्या आणि सैल बांधल्या. पुढे १९२० साली कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातील केलॉग यांनी प्रयोग करून सांगितले की, जाळीचे पदर कमी असले तर जंतू आरपार जातात, आणि पदर वाढवले तर श्वास कडेच्या फटीतून वाट काढतो. हा धडा आजही जुना झालेला नाही.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. या सर्व मुखपट्ट्या कापडाच्या होत्या. त्या उकळायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा बांधायच्या, अशीच रीत होती. 'वापरा आणि फेका' ही रीत नंतरची. १९६० च्या दशकात कागदाच्या आणि कृत्रिम धाग्यांच्या मुखपट्ट्या इस्पितळांत आल्या, तेव्हापासून ती रुळली. म्हणजे २०२० साली मास्क धुणारी गृहिणी कापडाचा योग्य नियमच पाळत होती. तिची फसगत झाली ती एवढ्यामुळेच, की तिच्या हातात जे होते ते कापड नव्हते.

मग ते होते तरी काय? निळ्या मास्कचे तीन पदर असतात. बाहेरचा ओल अडवतो, आतला घाम टिपतो, आणि खरे काम करतो तो मधला. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून, जोराच्या गरम हवेने फुंकून, केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा तो पदर केलेला असतो. एन-९५ मध्ये आणि चांगल्या प्रतीच्या तीन पदरी मास्कमध्येही या तंतूंवर विजेचा स्थिर भार चढवलेला असतो. म्हणून तंतूंमधल्या जागेतून निसटू पाहणारा कणसुद्धा तंतूकडे ओढला जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात दाखवायला पैसा लागत नाही. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे उडी मारून चिकटतील. आता तोच कंगवा साबणाच्या पाण्यात बुडवा, पुसून कोरडा करा आणि पुन्हा धरा. कपटे हलणार नाहीत. कंगवा स्वच्छ झाला, पण त्याची ओढ गेली. मास्कमधला भार कंगव्यावरच्या भारापेक्षा अधिक मुरलेला असतो, नुसत्या पाण्याने तो लगेच जात नाही. पण साबण आणि स्पिरिट लागले की तो उतरतो. आणि कंगवा पुन्हा केसांवर घासता येतो, तसा मास्क घरी घासून काही उपयोग नाही.

येथे आपल्या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. पहिला, मास्कवर बसलेला जंतू मेला का? दुसरा, मास्क अजून गाळतो का? आपण पहिल्याचे उत्तर मिळवले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजतो. जंतू मेला म्हणजे मास्क शाबूत राहिला असे नव्हे. साबणाने जंतू मरतो, पण गाळण्याची शक्तीही घटते. धुतलेले काही मास्क साध्या कापडाच्या पट्टीइतके काम देतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. पण कोणता देईल आणि कोणता नाही, हे बाहेरून बघून कळत नाही.

मग मास्क न बिघडवता जंतू मारायचा कसा? त्याचे एक उत्तर स्वस्त आहे, ते म्हणजे वेळ. २०२० मधल्या एका प्रयोगात मास्कच्या बाहेरच्या पदरावर हा विषाणू सातव्या दिवशीही अत्यल्प प्रमाणात सापडला. पण दिवसागणिक तो झपाट्याने घटत गेला होता. म्हणून टंचाईच्या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एन-९५ साठी अशी रीत सांगितली: पाच मास्क घ्या, रोज एक वापरा, वापरलेला मास्क कागदी पिशवीत ठेवा आणि निदान पाच दिवसांनीच पुन्हा काढा. पिशवी कागदाची, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. एन-९५ चा भारित पदर ज्यांच्या संशोधनाने शक्य झाला, ते पीटर त्साय निवृत्तीनंतर या कामात पुन्हा उतरले. त्यांनी सत्तर अंशाच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास मास्क टांगण्याचा उपाय सुचवला. पण तो प्रयोगशाळेच्या भट्टीचा उपाय. आपल्या तव्यावर किंवा चुलीवर तो करू जाल तर मास्क वितळेल.

कापडाच्या मुखपट्टीची गोष्ट निराळी. घरी शिवलेल्या पट्टीसाठी भारत सरकारने एप्रिल २०२० मध्ये सांगितले ते आपल्या आजीनेही सांगितले असते: साबणाने व गरम पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा, किंवा प्रेशर कुकरमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे उकळा.

तेव्हा थोडक्यात सांगायचे तर असे. कापडी पट्टी धुवावी. निळा मास्क आणि एन-९५ धुऊ नयेत. मिळत असेल तर नवा घ्यावा, आणि न मिळेल तेव्हाच वर सांगितल्याप्रमाणे पाळीपाळीने ठेवून वापरावा. ज्याचा त्याने वापरावा, नवऱ्याचा बायकोने नव्हे आणि भावाचा बहिणीने नव्हे. ओला झाला, मळला, फाटला, नाडी सैल पडली, किंवा घरातल्या आजाऱ्याची सेवा करताना वापरला, तर तो टाकावा. आणि पुन्हा वापरणे ही अडचणीतली सोय आहे, नियम नव्हे. अमेरिकेतही जंतू मारून मास्क परत वापरण्याच्या यंत्रांना दिलेली परवानगी पुरवठा सुधारताच, जून २०२१ अखेर, काढून घेण्यात आली.

टाकण्यातही शहाणपण लागते. एप्रिल २०२१ मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात वापरून फेकलेले मास्क गाद्यांत भरले जात असल्याचे पोलिसांना आढळले. पुढच्याच महिन्यात आपल्या उल्हासनगरात करोना तपासणीच्या काड्या काही घरांतून बायका आणि मुले उघड्या हातांनी पाकिटांत भरीत असल्याचे उजेडात आले. त्या बायामुलांना दोष देण्यात अर्थ नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी हे शहर लष्कराच्या जुन्या छावणीत घरगुती धंद्यांवर उभे केले, आणि हाताला मिळेल ते काम करणे हा येथील गरिबाचा जगण्याचा मार्ग आहे. पण 'एकदाच वापरा' या शब्दांवर आपण विसंबतो, तेव्हा ती वस्तू कोठून आली आणि कोठे गेली, हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलेली रीत सोपी होती: वापरलेला मास्क कापावा, ७२ तास कागदी पिशवीत ठेवावा, आणि मग कोरड्या कचऱ्यात टाकावा. कापलेला मास्क कोणी उचलून पुन्हा विकू शकत नाही.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. फलाटावरची तोंडे पुन्हा उघडी झाली. पण १८९६, १९१८, २०२० ही साले ज्या मार्गाने पाहिली, तो मार्ग पुढचीही पाहील. त्या वेळी दोरीवर मास्क वाळत घालण्याआधी कोणा मुलाला वर्गातला कंगवा आठवला आणि तो म्हणाला, "आई, हा धुऊ नकोस, पिशवीत ठेव," तर आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.