आठवणीतले साल

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांना वय विचारले की उत्तर बहुधा साठ, पासष्ट, सत्तर असे येते. जनगणनेतही शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांपाशी अशीच गर्दी दिसते. मग आम्ही शाळेचे जनरल रजिस्टर उघडतो. तेथे जन्मतारीख १ जून! शाळा सुरू होताना वय भरावे म्हणून कोणा गुरुजींनीच ती अंदाजाने लिहिलेली. म्हणजे कागदही आठवणीतूनच उतरलेला, फक्त दिसायला अचूक.

२००६ च्या वनहक्क कायद्यामुळे या आठवणींवर जमीन अवलंबून असते. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि इतर पुराव्यांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

असा जबाब घेताना साल विचारू नये, घटना विचारावी. ‘सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले, तेव्हा ही वरकस जमीन कोण कसत होते?’ ती तारीख २ जानेवारी १९४३. चळवळ मात्र ‘बेचाळीसची’, त्यामुळे सांगणारा हौतात्म्यही सहज बेचाळीसात ढकलतो. मोठे साल आसपासच्या घटना स्वतःकडे ओढून घेते. ‘त्याआधी की नंतर’ हे सांगणे त्यापेक्षा सोपे जाते. आणि दोघा म्हाताऱ्यांना वेगवेगळे बसवून विचारावे. एकत्र बसले की दुसरा पहिल्याचेच साल सांगतो.