हॉलंडच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्या

आजाऱ्याला पवित्र तेल लावून निघताना एखादा मुलगा दारापर्यंत येतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "फादर, एवढ्या वेदना! डॉक्टर इंजेक्शन देऊन आईला सोडवीत का नाहीत?" प्रश्न निष्ठुर वाटतो, परंतु तो प्रेमापोटीच आलेला असतो. अशा वेळी मला हॉलंडचा इतिहास आठवतो.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनीच्या अंमलाखाली होते. खुद्द जर्मनीत मनोरुग्णांना व अपंगांना 'दयामरणा'च्या नावाखाली, डॉक्टरांच्याच हातून, ठार केले जात होते. १९४१ साली नाझी प्रशासनाने डच डॉक्टरांना आपल्या वैद्यकमंडळात ओढू पाहिले. ते बधले नाहीत. १९४३ साली सहा हजारांहून अधिक डॉक्टरांनी व्यवसायावर पाणी सोडत असल्याचे लेखी कळवले आणि दारावरच्या पाट्यांवरील 'डॉक्टर' हा शब्द झाकून टाकला. अनेकांना अटक झाली. तरी ते राजसत्तेचे हत्यार झाले नाहीत.

त्याच देशात १९७१ साली डॉ. पोस्टमा यांनी आपल्या रुग्ण मातेला मॉर्फिन टोचून तिचे जीवन संपवले. १९७३ साली न्यायालयाने त्यांना एका आठवड्याची, तीही स्थगित, शिक्षा दिली. १९८४ साली डॉक्टरांच्या संघटनेने काही अटींवर अशी कृती मान्य केली आणि १ एप्रिल २००२ रोजी कायदा अमलात आला. जे दार धाकाने उघडले नाही, ते कळवळ्याने उघडले! जागतिक वैद्यक संघटनेने मात्र १९८७ साली आणि पुन्हा २०१९ साली आपला विरोध नोंदवला.

कळवळ्याला दुसरी वाट नाही काय? परमगुरू बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की असाधारण उपायांनी आयुष्य ताणत राहणे बंधनकारक नाही. तसेच वेदनाशमनासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे घटले, तरी ते देणे निषिद्ध नाही. आधी परिचारिका असलेल्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह उघडले. वेदना परतण्यापूर्वीच औषध द्यावे, हा त्यांचा नियम होता. याच वाटेने कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्यात शांती अवेदना सदन सुरू केले.

त्या मुलाला मी एवढेच सांगतो: आईला वेदनाशामक औषध वेळेवर आणि पुरेसे मिळते का, हे उद्याच डॉक्टरांना विचार. आणि आज रात्री तिच्या उशाशी कोण बसणार, ते घरात ठरवा.