मागचा सूर पुढे आला तेव्हा

१९५५ साली अमेरिकेत एक लाँगप्ले तबकडी निघाली. सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर चतुरलाल, तंबोऱ्यावर शिरीष गोर, आणि सुरुवातीला श्रोत्यांना रागसंगीताची ओळख करून देणारा आवाज येहुदी मेन्युहिन यांचा. कॅलिफोर्नियात संगीत शिकणाऱ्या ला माँट यंग या तरुणाच्या हाती ती पडली. सरोदवादन त्याला आवडलंच, पण त्याचं मन अडकलं ते मागे सतत झंकारणाऱ्या तंबोऱ्यात.

हे घडायला तबकडी लांब असणं गरजेचं होतं. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांत संपत असे. तेवढ्यात गवयाला बंदिश, आलाप, ताना सगळं बसवायचं असे. मागचा तंबोरा कित्येकदा ऐकूही येत नसे, आणि बऱ्याच मुद्रणांत सूर धरायला पेटीच असे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणलेल्या लाँगप्लेची एक बाजू वीसेक मिनिटं चालू लागली. तेव्हा कुठे, मैफलीत न बसलेल्या माणसालाही एकच सूर इतका वेळ सलग ऐकण्याची सोय झाली.

आज ‘ॲम्बियंट’ म्हणून जे संगीत ओळखलं जातं, त्याचा सांगाडा साधा आहे. खाली एक लांबवर धरलेला सूर, आणि त्याच्या अवतीभवती बाहेरून मुद्रित करून आणलेले आवाज: पाऊस, रेल्वेचा फलाट, रातकिडे, समुद्र. लय जवळजवळ नसते, चाल असली तर अंधूक. या संगीताचा इतिहास बहुतेक वेळा इंग्लिश संगीतकार ब्रायन इनोपासून सुरू केला जातो. इनोचं काम मोठं आहे यात शंका नाही. पण धरलेल्या सुराची वाट त्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि ती मिरजेजवळून जाते.

मिरजेत तंबोरे करणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारी, भाले, ढाली घडवणं आणि त्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल बसला आणि शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. पटवर्धनांच्या या संस्थानात गाण्याला आश्रय होता. गवई येत, त्यांची वाद्यं प्रवासात बिघडत, आणि दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने हे काम हाती घेतलं. दुरुस्ती करता करता ते नवी वाद्यं घडवू लागले आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झालं. धातूवर बसलेला हात लाकडावर वळला, पण बारीक घासकामाची नजर तीच राहिली.

तंबोऱ्याचा भोपळा खायचा नव्हे. पंढरपूर, मंगळवेढा भागात, भीमेच्या खोऱ्यात पिकणारा जाड सालीचा कडू भोपळा वाळवून, भिजवून, आतून पोखरून घेतात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, तबली आणि दांडी चढते. मग खुंट्या, मणी, घोडी आणि चार तारा. इथपर्यंत चांगला सुतारही पोचेल. खरी परीक्षा पुढे असते. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार हवा, म्हणजे तार थरथरताना त्या उताराला चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात, आणि तो केसभर मागेपुढे करत एका जागी आणला की तार उघडते. या उघडण्यालाच जवारी म्हणतात. जवारी लागली की एका तारेतून एकच स्वर न येता त्याच्या पोटातले सूर एकेक करून उलगडत जातात. खर्जाच्या तारेत कान दिला तर गंधार स्पष्ट ऐकू येतो, आणि तो कोणी छेडलेला नसतो.

या उलगडण्याने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही कोड्यात टाकलं होतं. १९२१ साली कोलकात्यात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधलेख लिहिला. युरोपातल्या तंतुवाद्यांना लागू पडणारा नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वराची गाठ पडते, तो उपस्वर वाजतच नाही. तंबोऱ्यात तो वाजतो. घोडीच्या पसरट, उतरत्या माथ्यावर तार पुन्हा पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्यातून हरवलेले सूरही जन्माला येतात, असं त्याचं कारण निघालं. मिरजेच्या कारागिरांनी ही गोष्ट कानाने पक्की केली होती.

मिरजेला अब्दुल करीम खाँ येऊन राहिले, तेव्हा तिथल्या कारागिरांना एक जाणता कान मिळाला. किराणा घराण्याच्या या गवयाचा जीव सुरात होता. तंबोरा लागला नाही तर गाणं सुरू होत नसे, आणि वाद्य दुरुस्तीचं काम ते स्वतः करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स हे श्रुतींची गणितं मांडत होते, तेव्हा ते सूर प्रत्यक्ष लावून दाखवायला खाँसाहेबच उभे राहिले. सुरांमधलं अंतर शुद्ध गुणोत्तरांत मोजायचं, हा ध्यास सांगली-सातारा भागात १९१०च्या सुमारास होता. अर्ध्या शतकाने न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग नेमका याच ध्यासाने झपाटला.

यंगला धरलेल्या सुराची ओढ लहानपणापासून होती. आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या वस्तीत, लाकडी घराच्या फटींतून वाहणारा वारा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण या त्याच्या पहिल्या आठवणी. १९५८ साली लिहिलेल्या त्याच्या तंतुवाद्यांच्या त्रयीत सुरुवातीचे मोजके सूर पुरे व्हायलाच काही मिनिटं लागतात. १९६०च्या एका रचनेत दोनच सूर आहेत, आणि ते खूप वेळ धरून ठेवावेत एवढीच सूचना. ते दोन सूर आपल्या हिशेबाने षड्ज आणि पंचम होतात. पुढे जॉन केल, टोनी कॉनरॅड, मेरियन झाझीला यांच्याबरोबर त्याने जो संच जमवला, तो घरातल्या कासवाच्या काचपेटीच्या मोटारीवर आणि अमेरिकन विजेच्या ६० आवर्तनांवर आपला षड्ज लावत असे.

१९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला आले आणि या माणसांना गुरू मिळाला. लाहोरला १९१८ साली जन्मलेले प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँचे शिष्य. हेच वहीद खाँ अब्दुल करीम खाँचे नातलग, आणि मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांचे गुरू. म्हणजे ज्या तालमीत हिराबाईंचा सूर घडला, त्याच तालमीतून निघालेला गवई मॅनहॅटनमध्ये यंग, झाझीला आणि संगीतकार टेरी रायली यांना षड्ज लावायला शिकवत होता. मराठी संगीतचर्चेत किराण्याचा हा धागा फार क्वचित येतो, याचं वाईट वाटतं.

प्राणनाथ त्याआधी काही वर्षं डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहामंदिरात बैराग्यासारखे राहिले होते. तिथे शेजारून ओढा वाहतो आणि गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं. त्यांचा रियाज त्या आवाजातच चाले. पुढे यंग आणि झाझीला यांनी १९८२ साली गुरूचे तंबोरे वाजवून एक मुद्रण केलं. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. तासाभराहून जास्त वेळ चालणाऱ्या त्या मुद्रणात गायक नाही, तबला नाही, राग नाही, फक्त तंबोरे आहेत. मैफलीत गवयाच्या मागे बसणारं वाद्य इथे एकटं समोर आलं.

आपल्याकडे त्याच सुमाराला उलटी गोष्ट घडत होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. पिशवीत मावणारी पेटी, न उतरणारा सूर. घरच्या रियाजाला आणि प्रवासाला ती फार उपयोगी पडली. पुढे ते काम फोनवर गेलं. मिरजेच्या धंद्याला त्याची झळ लागली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो सन्मान योग्यच आहे, पण जवारी लावणारा हात पुढच्या पिढीत तयार व्हायचा तर तंबोऱ्याला रोजचं गिऱ्हाईक लागेल.

बाहेरचे आवाज पकडून आणण्याची वाट वेगळी. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या लहान मुलाने पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं गाणं मेणाच्या सिलिंडरवर उतरवलं. पक्ष्याच्या आवाजाचं हे सर्वांत जुनं ज्ञात मुद्रण, आणि तो पक्षी होता श्यामा, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही गाणारा. १९३० साली वाल्टर रुटमनने बर्लिनच्या शनिवार-रविवारचे आवाज फिल्मच्या पट्टीवर जोडून ११ मिनिटांची रचना केली. पॅरिसला १९४८ साली पिएर शेफरने बातिन्योल स्थानकावर इंजिनं, शिट्ट्या, डब्यांचे खडखडाट मुद्रित केले आणि त्यांतून आगगाड्यांवरची रचना बांधली.

शेफरला आवाजाचं मूळ विसरायला लावायचं होतं. इंजिन आहे हे विसरा, नुसता नाद ऐका. ल्युक फेरारीने नेमका उलटा हट्ट धरला. १९५१ साली स्टेफान कुडेल्स्कीने नाग्रा हे हातात नेता येणारं टेपयंत्र बनवल्यापासून स्टुडिओबाहेर पडणं सोपं झालं होतं. क्रोएशियातल्या कोर्चुला बेटावरच्या एका कोळीगावात फेरारीने पहाटेचे आवाज टिपले: होड्यांची इंजिनं, गाढव, बायकांचं बोलणं, आणि शेवटी सगळ्यांवर पसरत जाणारी रातकिड्यांसारख्या सिकाड्यांची किरकिर. १९७०ला पुऱ्या झालेल्या या रचनेत त्याचं जोडकाम जवळजवळ ऐकू येत नाही. तरीही शेवटची ती किरकिर कानात धरलेल्या सुरासारखी भरून राहते.

इथे दोन्ही वाटा जवळ येतात, आणि इनोचं योगदान कळतं. विद्यार्थिदशेत त्याने यंगची रचना वाजवली होती. दोन टेपयंत्रांमधून एकच फीत फिरवून सूर स्वतःवरच साचवत जाण्याची जी युक्ती त्याने वापरली, ती टेरी रायलीने १९६३ साली पॅरिसमध्ये वापरलेली होती. १९७५ साली अपघातानंतर इनो अंथरुणावर पडून होता. हार्पची तबकडी फार हळू लागली, उठून आवाज वाढवण्याची ताकद नव्हती, आणि बाहेर पाऊस. गाणं पावसात मिसळून गेलं. १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये त्याने वेगवेगळ्या लांबीच्या फितींचे वेढे फिरवले, म्हणजे सूर दर वेळी नव्या जुळणीत भेटत राहतात.

पण सर्वांत महत्त्वाची म्हणावी अशी त्याची कृती १९८२ची ‘ऑन लँड’. घानात असताना तो संध्याकाळी ओसरीवर मायक्रोफोन ठेवून भोवतालचे सगळे आवाज हेडफोनवर ऐकत बसे. त्या सवयीतून हे काम निघालं. सफोकच्या किनाऱ्यावरच्या, त्याच्या बालपणीच्या जागांची नावं त्यातल्या काही तुकड्यांना आहेत. त्यात बेडूक आहेत, वाद्यांचे सूर आहेत, आणि दोघांना वेगळं काढता येत नाही. टेप निम्म्या वेगाने फिरवली की तार सप्तकातला षड्ज मध्य सप्तकात उतरतो, आवाजाचा कंठ जड होतो, आणि किड्याची किरकिर दूरच्या गुणगुणण्यासारखी वाटू लागते. आजही लॅपटॉपवर हे संगीत करणारी माणसं मूलतः हेच करतात.

अहमदाबादेत फितींवरचं असं काम ‘ऑन लँड’च्या बरंच आधी सुरू झालं होतं. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. त्यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला हिंदुस्थानी संगीत शिकवणाऱ्या त्याच. काही वर्षं तिथे गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी फितींवर काम केलं. मग स्टुडिओ बंद पडला आणि फिती संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुर्गस या संशोधक-संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतली निवड प्रसिद्ध झाली. माथुर यांच्या दोन रचनांची नावं तिथे वाचता येतात: ‘माय बर्ड्स’ आणि ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’.